तंबूच्या भिंतीला टाचलेली शाळा

तंबूत फळा कुठे लावायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण जरा विचार करून पाहा. कापडी भिंतीत खिळा बसत नाही, तंबूच्या कापडावर खडू उमटत नाही, आणि मुळात फळा घ्यायला पैसेच नाहीत. १९९२ साली पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, मियांवाली जिल्ह्यातल्या कोट चंदाना या अफगाण निर्वासितांच्या वस्तीत अकीला आसिफी या बाईंपुढे ही अडचण होती. त्यांनी कापडाचे तुकडे घेतले, त्यांवर हाताने धडे लिहिले आणि ते तुकडे सुईदोऱ्याने तंबूच्या भिंतींना टाचून टाकले. झाला फळा! वह्या नव्हत्या, म्हणून मुली पायाखालच्या धुळीत बोटाने पहिले शब्द गिरवायच्या. जुन्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीच म्हणा ना. पुस्तकं नव्हती, म्हणून बाई रात्री बसून मुलींसाठी एकेक पान हाताने लिहून काढायच्या. तंबू उसना, मुली वीस.

निर्वासित मुलींच्या शिक्षणाबद्दल वाचताना आकडे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुतेक खिन्न करणारे असतात. मला त्याहून जास्त ओढ आहे ती ही गोष्ट प्रत्यक्षात घडते कशी, याची. जिथे एकही मुलगी शाळेत जात नाही, अशा वस्तीत पहिला वर्ग भरतो तरी कसा? आणि तो भरला की पुढे नेमका कुठे अडतो?

आसिफीबाई मूळच्या काबुलच्या, प्रशिक्षित शिक्षिका. १९९२च्या एप्रिलमध्ये नजीबुल्ला यांचं सरकार कोसळलं, मुजाहिदीन काबुलमध्ये शिरले आणि शहर आपसातल्या लढाईत सापडलं. लाखो लोकांप्रमाणे त्याही कुटुंबासह सीमेपलीकडे आल्या. त्या ज्या काबुलमधून आल्या, तिथे बाईने शिकवणं ही रोजची, कुणी मान वळवून पाहू नये इतकी साधी गोष्ट होती. कोट चंदानात मुलींसाठी काहीच नव्हतं. वस्ती पुराणमताची, बायका-मुली घराच्या आत, आणि बाहेरून आलेल्या या शहरी बाईकडे पाहणारे डोळे संशयाचे.

यावर त्यांनी जे केलं, ते मला फळ्यापेक्षाही थक्क करतं. त्यांनी आधी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची परवानगी मिळवली. मग त्या घरोघर गेल्या. आणि वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसापासून गणित-भूगोल काढला नाही. सुरुवातीचे विषय होते स्वच्छता, घर नीट कसं चालवावं, धर्मशिक्षण. यांतल्या कशाला कुठला बाप नाही म्हणणार? मुलगी घरी येऊन हात धुवायला सांगते, धाकट्या भावंडांची निगा जास्त चांगली ठेवते, दुआ शुद्ध म्हणते, हे आईबापांना दिसलं. भरवसा बसला. मग हळूहळू अफगाणिस्तानची दारी भाषा आली, गणित आलं, भूगोल-इतिहास आला.

शहरातल्या एखाद्या कडक सुधारकाला ही तडजोड वाटेल. मुलींना पुन्हा घरकामच शिकवायचं, मग शाळा कशाला, असं तो म्हणेल. मला तसं वाटत नाही. विषय कोणते, यापेक्षा विषय कोणत्या क्रमाने आले, यात इथली सगळी अक्कल आहे. पहिल्या महिन्यात भूगोल काढला असता, तर दुसऱ्या महिन्यात भूगोल ऐकायला तंबूत कुणी उरलं नसतं.

हे काम किती दुर्मीळ, ते समजायचं तर त्यामागचा पेच पाहायला हवा. अशा वस्त्यांत वयात आलेल्या मुलीला पुरुष शिक्षकाच्या हाताखाली कुणी पाठवत नाही. म्हणजे शिक्षिका हवी. शिक्षिका कुठून आणायची? वस्तीतूनच. पण वस्तीतल्या बायका कधी शाळेत गेलेल्याच नाहीत. आज मुली शिकल्या नाहीत तर उद्या शिक्षिका नाहीत, आणि शिक्षिका नाहीत म्हणून मुली शिकत नाहीत. हे चक्र इमारत बांधून तुटत नाही, वह्या-दप्तरं वाटून तर नाहीच नाही. ते तोडायला बाहेरून आलेली, शिकलेली एक बाई लागते, आणि मग लागतो वेळ. पहिल्या दिवशी धुळीत अक्षर गिरवणारी मुलगी स्वतः शिकवायला उभी राहीपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. मदत देणाऱ्या संस्थांचं अंदाजपत्रक मात्र वर्षाचं असतं. छावण्यांमधल्या कितीतरी चांगल्या योजना फसतात त्या या हिशेबात, असं माझं मत आहे.

कोट चंदानात तो वेळ मिळाला. एका तंबूचे अनेक झाले, पुढे रीतसर शाळा झाली. २०१५ साली आसिफीबाईंना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा नान्सेन पुरस्कार मिळाला, तोपर्यंत त्यांच्या हाताखालून हजारांवर मुली आठवीपर्यंत शिकून बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या काही स्वतः शिक्षिका झाल्या. वस्तीत आता अनेक शाळा होत्या आणि त्यांत दीड हजारांवर मुलं-मुली शिकत होती. पुढच्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझच्या अंतिम दहा जणांत त्यांचं नाव होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली जिंकले, तोच हा पुरस्कार. २०१६ साली तो मिळाला हनान अल-हरूब या पॅलेस्टिनी शिक्षिकेला, आणि त्या लहानाच्या मोठ्या झाल्या बेथलेहेमजवळच्या धैशे या निर्वासितांच्या छावणीत. जगभरातून निवडलेल्या दहा शिक्षकांत दोघी निर्वासित बायका!

आता आकडा सांगायलाच हवा. त्याच २०१५ साली पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांची साधारण ८० टक्के मुलं शाळेबाहेर होती. कोट चंदाना हा अपवाद होता, आणि अपवाद म्हणूनच त्याला पुरस्कार मिळाला.

मघाशी 'आठवीपर्यंत' असं म्हटलं, ते सहज म्हटलेलं नाही. जगातल्या जवळजवळ प्रत्येक निर्वासित वस्तीत मुलींच्या वाटेवर पाचवी ते आठवीच्या दरम्यान कुठेतरी एक भिंत असते. संयुक्त राष्ट्रांच्या याच संस्थेने २०१८ साली मांडलेला हिशेब असा होता: प्राथमिक शाळेत दहा निर्वासित मुलांमागे मुली आठाहून कमी, आणि माध्यमिक शाळेत दहा मुलांमागे पाचाहूनही कमी. सगळ्या मुली एकदम गळत नाहीत, त्या एका ठरावीक वळणावर गळतात.

त्या वळणाची बाकीची कारणं ओळखीची आहेत. पाळी सुरू होते आणि शाळेत दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसतं. स्थळं येऊ लागतात. आई आजारी, धाकटी भावंडं, रेशनची रांग. पण एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ते चक्क कायद्याच्या मजकुरात आहे. निर्वासितांच्या हक्कांचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार काढा आणि त्याचं २२वं कलम वाचा. प्राथमिक शिक्षणाबाबत ते खणखणीत आहे: देशातल्या नागरिकांना जी वागणूक, तीच निर्वासितांना. त्यापुढच्या शिक्षणाबद्दल मात्र भाषा सैल होते. जमेल तितकी अनुकूल वागणूक द्यावी, इतर परदेशी लोकांना मिळते त्यापेक्षा वाईट नसावी, एवढंच. ज्या देशांनी या करारावर सही केली त्यांचीही बांधिलकी प्राथमिक शाळेच्या दाराशी अशी पातळ होते. पाकिस्तान, बांगलादेश, जॉर्डन, लेबनॉन आणि आपण यांची तर त्यावर सहीच नाही.

पैसाही त्याच सांध्यावर आटतो. प्राथमिक वर्गाला एक शिक्षिका पुरते. नववीला गणिताची वेगळी, विज्ञानाची वेगळी, शिवाय प्रयोगशाळा. म्हणून माध्यमिक शाळा थोड्या आणि लांब लांब असतात. घराजवळची शाळा दोन मैलांवर जाते नेमकी त्या वयात, जेव्हा घरच्यांना मुलगी दोनशे पावलंही एकटी जायला नको असते.

अशा वेळी फार मोठ्या वाटणाऱ्या प्रश्नाची किल्ली कधी कधी वेळापत्रकात सापडते. जॉर्डनच्या उत्तरेला झातरी नावाची छावणी आहे. २०१२ साली सीरियातल्या युद्धामुळे ती वसली आणि बरीच वर्षं तिथे ८० हजारांच्या आसपास माणसं राहत होती. तिथल्या शाळा दोन पाळ्यांत भरतात: सकाळी मुली, दुपारी मुलगे. वर्ग तेच, बाकं तीच. वयात आलेल्या मुलीला मुलांबरोबर बसवायचं का, हा वादच निघत नाही, आणि मुलगी उन्हं चढायच्या आत घरी येते. शेजारच्या लेबनॉनमध्ये सरकारी शाळांनी सीरियन मुलांसाठी दुपारची पाळी काढली. हेतू उत्तम, आणि लाखभराहून अधिक मुलांची त्याने सोय झाली. पण ही पाळी सुटते संध्याकाळी, आणि हिवाळ्यात तेव्हा दिवेलागण झालेली असते. अनोळखी शहरात अंधारातून मुलीने चालत यायचं? मुलीला घरीच ठेवायला आईबापांना एवढं कारण पुरतं. तीच दुपार मुलाला चालते. आपल्याकडे ज्यांच्या मुली दुपारच्या अधिवेशनाच्या शाळेत शिकल्या, त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत हाच पेच आणखी घट्ट झाला. २०१७च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांतच सात लाखांवर माणसं म्यानमारमधून तिथे आली. या मुलांना शिकवायचं कोणत्या देशाचं? बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवू देत नाहीत, कारण तो शिकवला तर ही माणसं कायमची राहतील अशी सरकारला धास्ती. म्हणून काही वर्षं तात्पुरतं, कुठल्याच परीक्षेला न जोडलेलं शिक्षण चाललं. २०२१च्या शेवटी म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तो बर्मी भाषेत. आता बर्मी येणाऱ्या शिक्षिका आणा! ही माणसं जिथून आली, त्या राखाइन प्रांतात मुली माध्यमिक शाळेपर्यंत फारशा पोचल्याच नव्हत्या. मुलींना फक्त मुलींच्या वर्गात पाठवायला पालक तयार झाले. शाळेपर्यंत ओळखीची एखादी बाई सोबत असेल तर आणखी तयार झाले. पण फळ्यासमोर उभी राहणारी बाई मिळेना. ती जिथे मिळाली, तिथे वर्ग भरला.

शिकलेली बाई आधीच सोबत असली, तर किती फरक पडतो? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, कोल्हापूरला जाऊन भागतं.

१९४० साली सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडली. यादीत कोण होते? सैन्याधिकारी, पोलिस, वनाधिकारी, शिक्षक, सरकारी नोकर यांची कुटुंबं. म्हणजे राष्ट्राचा शिकलेला थर वेचून काढलेला. १९४१ साली जर्मनीने रशियावर हल्ला केला, वारं फिरलं, ही माणसं सुटली आणि इराणमार्गे त्यांतली काही हजार हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बरीच सांगितली जाते. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३पासून पाचेक हजार पोलिश निर्वासितांचं गावच वसलं होतं आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती, हे महाराष्ट्रातही पुष्कळांना ठाऊक नसतं.

बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, बालवीर पथकं आणि शाळा. बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत, सगळं पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमानुसार. पंचगंगेच्या काठी पोलंडचा इतिहास आणि पोलिश व्याकरण! सैबेरियात ज्या मुलींची दोन-दोन वर्षं लाकडं तोडण्यात आणि भाकरीच्या रांगेत गेली होती, त्या इथे पुन्हा बाकावर बसल्या. हे इतकं झटपट कसं जमलं? एक तर लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार होतं, खर्चाला आणि शिक्क्याला ते होतं. आणि दुसरं, मला चक्रावून टाकणारं कारण: स्टालिनच्या पोलिसांनी हद्दपारीसाठी जी यादी केली, तिनेच शाळेसाठी लागणारी माणसं एकत्र आणली होती. शिक्षिका शोधाव्या लागल्या नाहीत, त्या त्याच मालगाड्यांतून आल्या होत्या. कोट चंदानाच्या तंबूत जी एकटी बाई होती, तशा वळिवड्यात कितीतरी होत्या.

१९४८पर्यंत ती वस्ती टिकली. मग ती माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, थोडी पोलंडकडे पांगली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आज घाऊक कापडबाजारासाठी माहीत असलेलं गांधीनगर ते हेच. निर्वासितांच्या घरात पुन्हा निर्वासित. लग्नाच्या बस्त्यासाठी तिथे जाणाऱ्यांना याची गंधवार्ताही नसते.

वळिवड्याच्या गोष्टीत 'शिक्का' हा शब्द आला, त्याच्याकडे पुन्हा वळतो. शिकणं एक आणि शिकल्याचं सिद्ध करता येणं दुसरं. पळून येताना माणूस सोनं घेतो, मूल घेतो, एखादं भांडं घेतो. गुणपत्रिका घेतोच असं नाही. घेतली तरी पुढच्या देशात ती ओळखणारं कुणी असेल याचा भरवसा नाही. दमास्कसला तीन वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकलेली मुलगी बर्लिनला पोचते तेव्हा, कागद नसेल तर, ती काहीच शिकलेली नसते. आश्चर्य हे की १९५१च्या करारकर्त्यांना हे तेव्हाच दिसलं होतं. त्याच २२व्या कलमाच्या सैल भागात परदेशी शाळांचे दाखले आणि पदव्या ओळखण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

आसिफीबाईंना मिळालेला पुरस्कार ज्यांच्या नावाचा, ते फ्रिट्यॉफ नान्सेन नॉर्वेचे. ध्रुवप्रदेशाचे संशोधक आणि पुढे राष्ट्रसंघाचे पहिले निर्वासित आयुक्त. देश गमावलेल्या माणसांना प्रवास करता यावा म्हणून १९२२ साली त्यांच्या नावाचा पासपोर्ट निघाला. गंमत पाहा, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच नॉर्वेतल्या तज्ज्ञांनी शिक्षणासाठी तशीच युक्ती काढली. युरोपीय परिषदेने २०१७ साली तिला निर्वासितांसाठीचा पात्रता-पासपोर्ट असं रूप दिलं, आणि युनेस्कोने २०१९ साली आफ्रिकेत झांबियापासून अशाच पासपोर्टची सुरुवात केली.

त्याचं काम असं चालतं. तुम्ही प्रश्नावली भरता, हाताशी असतील नसतील ते कागद जोडता आणि मग तुमची मुलाखत होते. समोर बसलेली माणसं तुमच्या देशाची शिक्षणपद्धत कोळून प्यायलेली असतात. दुसऱ्या वर्षाला कोणते विषय होते? परीक्षा लेखी की तोंडी? उत्तीर्ण व्हायला किती गुण लागत? प्रात्यक्षिकं कुठे व्हायची? ज्याने तिथे खरोखर दिवस काढले, त्यालाच सांगता येतील अशा या गोष्टी. त्या जुळल्या, की लेखी निर्वाळा मिळतो की ही व्यक्ती अमुक पातळीपर्यंत शिकलेली आहे. ती पदवी नव्हे, पण विद्यापीठाच्या खिडकीवर दाखवता येईल असा कागद आहे, आणि तो पाच वर्षं चालतो. माणसाच्या डोक्यात उरलेलं शिक्षण प्रश्न विचारून पुन्हा कागदावर उतरवायचं! मला तर ही कल्पना एखाद्या शोधाइतकीच मोठी वाटते.

जगातल्या निर्वासितांपैकी महाविद्यालयापर्यंत पोचणारे कित्येक वर्षं शेकडा एक होते. २०२३च्या सुमारास ते शेकडा सात झाले. या वाढीत शिष्यवृत्त्यांचा वाटा मोठा आहे. सर्वांत जुन्यांपैकी एक जर्मनीच्या पैशावर चालते आणि ती स्वतः निर्वासित असलेल्या अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या नावाने आहे. आजवर तिने वीस हजारांहून जास्त निर्वासित विद्यार्थी शिकवले. ती सुरू झाली १९९२ साली. कोट चंदानात तंबूच्या भिंतीला पहिला तुकडा टाचला गेला, त्याच वर्षी.

कागद मात्र उलट्या बाजूनेही निकामी होतो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना देश सोडायला सांगितलं आणि २०२५ साली नोंदणी झालेल्या निर्वासितांवरही तीच वेळ आली. त्या एका वर्षात पाकिस्तान आणि इराणमधून मिळून २० लाखांहून अधिक अफगाण परत पाठवले गेले किंवा परतले. त्यांत पाकिस्तानातल्या शाळांतून आठवी झालेल्या मुली आहेत, दहावी झालेल्या आहेत. त्यांच्याकडे दाखले आहेत, शिक्के आहेत, साक्षांकित प्रती आहेत, सगळं रीतसर. नववीत प्रवेश हवा म्हणून ते कुणाला दाखवावेत, तर २०२१पासून अफगाणिस्तानात मुलींसाठी सहावीच्या पुढचा वर्गच भरत नाही.